अर्ध्या सेकंदातला नऊ

माझ्या मामाला आम्ही सगळी भाचरं किडेमामा म्हणतो. हे नाव मामीचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने फडताळातला एक डबा रिकामा समजून उघडला, तर आत काळे, चपटे, दोन्ही अंगांना चकचकीत पाय असलेले तीस-चाळीस प्राणी ओळीने बसलेले. मामी किंचाळली. मामा धावत आला. नव्या नवरीला सावरायला आला असेल असं कुणाला वाटेल, पण तो ओरडत होता, "हलवू नकोस, हलवू नकोस, क्रमाने लावलेत!"

ते प्राणी म्हणजे कॉम्प्युटरच्या आणि तसल्या यंत्रांच्या पोटातल्या चिपा. पुढे चाळीस वर्षं त्यांची वीण वाढत गेली. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, पूर्वेला उघडी गॅलरी. एक औषधांचं दुकान बंद पडलं तेव्हा मामाने तिथलं ड्रॉवरचं कपाट उचलून आणलं आणि ड्रॉवरवरच्या जुन्या पाट्या तशाच ठेवल्या. 'ताप' मध्ये प्रोसेसर, कारण ते तापतात. 'स्मरणशक्ती' मध्ये मेमरी. 'जुलाब' मध्ये काय ठेवावं यावर त्याने बरेच दिवस विचार केला आणि शेवटी प्रिंटरचे भाग ठेवले. मामी म्हणायची, "या घरात माणसाला कूस बदलायला जागा नाही, आणि किड्यांना मखमल आहे."

पण ओळखायचं काम मामाने करावं आणि जगाने बघावं. कुणी भंगारातला तुकडा आणून दिला की मामा आधी त्याला हातात घेऊन जोखायचा. मग खिडकीशी जाऊन तिरका धरायचा. छापील नंबर पुसट झाला असेल तर त्यावर हाऽ करून वाफ सोडायचा, कारण वाफ बसताना अक्षरं क्षणभर उठून दिसतात. तेवढ्यानेही नाही भागलं तर पांढरा खडू चोळून बोटाने हलकेच पुसायचा. नंबर, बनवणाऱ्याची खूण, आणि सगळ्यात शेवटी चार आकडे. ८७३४ म्हणजे सत्त्याऐंशी साल, चौतिसावा आठवडा. जगातल्या प्रत्येक चिपेच्या पाठीवर तिचा जन्म असा लिहिलेला असतो, माणसाच्या का नाही, याचं मामाला फार वाईट वाटे. घरातल्यांचे त्याने मनातल्या मनात छापून टाकले होते. मला म्हणायचा, "तू बहात्तर-एकोणतीस. आलास तेव्हा तुझेही पाय वाकडेच होते."

ओळखण्यात तो कधी चुकला नाही. एकदा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक पोरगेला दुकानदार दोन चिपा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, जवळपास सारख्याच आहेत ना? चालून जाईल?"

"जवळपास?" मामाने चष्मा कपाळावर चढवला. "बाबा रे, तू लग्न कुणाशी केलंस? ठरलेल्या मुलीशी, की जवळपास तिच्याशी?"

'जवळपास' हा शब्द मामाच्या घरात शिवी होता. दुसरा नियम चिठ्ठीचा. काही जुन्या चिपांच्या पाठीवर छोटी गोल काचेची खिडकी असते आणि त्या खिडकीवर कारखान्यातल्या माणसाने कागदाची चिठ्ठी डकवलेली असते, त्यावर हाताने काहीबाही लिहिलेलं. चिठ्ठीखाली नंबर झाकला जातो. मामा ती आधी सोलून काढायचा. साबणाचं पाणी, बोळा, जुना टूथब्रश. "तोंडावर रुमाल बांधून आलेल्या माणसाची ओळख कशी पटणार?" असं तो म्हणायचा. आणि रुमाल उतरवल्यावर ती काचेची खिडकी, तिच्या आत दिसणारा सोनेरी ठिपका, असं काही देखणं रूप निघायचं की मामा तो नग ड्रॉवरमध्ये न टाकता गॅलरीतल्या फळीवर, मखमलीवर मांडायचा. सकाळचं ऊन आलं की त्या खिडक्या चमकायच्या. मामा चहा घेऊन समोर बसायचा, एखाद्याने नातवंडांकडे बघत बसावं तसा.

दर रविवारी त्याच्या शेजारच्या खुर्चीत रेडिओ बसलेला असायचा.

रेडिओ हे माणसाचं नाव. मामा आणि तो एकाच वजनकाट्यांच्या कारखान्यात होते. मामा काट्यांची सर्किटं जुळवायचा आणि रेडिओ पॅकिंगमध्ये होता, म्हणजे काटे खोक्यात भरताना बोलायचा, खिळे ठोकताना बोलायचा, आणि खोकं बंद झाल्यावर खोक्याशी बोलायचा. आवाज भरदार, घुमणारा. तो कारखान्याच्या दारात 'काय रे' म्हणाला की मागच्या गोदामातला माणूस 'काही नाही' म्हणायचा.

सत्त्याऐंशी साली मालकाच्या डोक्यात आलं की आपण बोलणारा वजनकाटा काढायचा. माणूस वर उभा राहिला की यंत्राने वजन बोलून दाखवायचं. सर्किट मामाने करायचं ठरलं. आवाज कुणाचा, हे ठरवायचीही गरज पडली नाही.

अडचण एकच होती. आवाज साठवायला ज्या चार चिपा होत्या, त्यांत सगळं मिळून आठ सेकंद मावत. शून्य ते नऊ दहा आकडे, 'किलो', 'धन्यवाद', आणि दोघं एकदम चढली तर दटावायला 'एकेकाने'. हिशेबाने प्रत्येक शब्दाला अर्धा सेकंद. एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर असलं काही बोलायला जागाच नव्हती, म्हणून बासष्ट किलोच्या माणसाला यंत्र 'सहा दोन किलो' म्हणणार होतं. आणि ज्या माणसाने जन्मात कुठलीही गोष्ट अर्ध्या सेकंदात संपवली नव्हती, त्याला अर्ध्या सेकंदात शब्द संपवायचा होता.

दोघांनी स्वतःला गोदामात कोंडून घेतलं. भिंतींना पॅकिंगचं गोणपाट लावलं. बाकीचे आकडे कसेबसे बसले. नऊ बसेना. रेडिओ 'नऽऽऊ' असा म्हणायचा, की जणू नऊ नावाचा कुणी पोरगा समोरच्या गच्चीवर उभा आहे. अर्ध्या सेकंदात नुसता 'न' पकडला जायचा.

"पुन्हा," मामा म्हणायचा.

"नऽऊ."

"पुन्हा."

असं चाळीस वेळा. चाळिसाव्या वेळी रेडिओ भडकला. "अरे, नऊ! नऊ म्हणजे नऊ, तुझ्या बापाचा—" एवढ्यात मामाने बटण दाबून यंत्र थांबवलं. पहिला संतापी 'नऊ' तेवढा यंत्रात गेला आणि नेमका अर्ध्या सेकंदात बसला. त्यामुळे त्या काट्याचे सगळे आकडे गोड होते आणि नऊ मात्र रागावलेला. नव्वद किलोंपुढचा एखादा धिप्पाड गृहस्थ काट्यावर चढला की यंत्र त्याच्या अंगावर खेकसायचं, "नऊ!" आणि मग नरमाईने, "चार किलो. धन्यवाद."

धंदा अर्थातच बुडाला. चारचौघांत आपलं वजन पुकारलं जावं असं वाटणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मालकाने अकरा काटे बनवले, ते कुठे कुठे खपवले आणि विषय सोडला. पुढे कारखानाही बंद झाला. जाताना कामगारांना एकेक साधा, मुका, घरगुती काटा दिला. रेडिओ तो हातात घेऊन म्हणाला, "मालकाने शेवटी मला गप्प केलंच."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका दवाखान्याने जुनं सामान भंगारात काढलं, त्यात त्या अकरांतला एक काटा होता. भंगारवाल्याने मामाला निरोप पाठवला. मामा बोर्ड घेऊन आला, चारही चिपा सोडवल्या, आणि रविवारी सकाळी गॅलरीत बसून, रेडिओच्या देखतच, त्यांच्या चिठ्ठ्या सोलायला घेतल्या. चिठ्ठ्यांवर एक, दोन, तीन, चार असं रेडिओच्याच हाताने लिहिलेलं होतं.

"अरे, माझा आवाज आहे त्यात," रेडिओ म्हणाला. "पांघरूण कशाला काढतोस? सर्दी होईल त्याला."

"तुझ्या आवाजावर पांघरूण घालायला अर्धं गाव तळमळतंय," मामा ब्रश चालवत म्हणाला.

रेडिओ खो खो हसला. मामी आतून म्हणाली, "भाऊजी, हळू. खालच्या मजल्यावरचं बाळ उठेल." चिपा धुतल्या, पुसल्या, नंबर वाचले, आणि चारही मखमलीवर उन्हात मांडल्या. फळीवरचे ते सगळ्यात देखणे नग होते. पुढची सहा वर्षं तिथेच होते.

त्यातल्या दुसऱ्याच वर्षी रेडिओचा घसा बसला. विड्यांनी बसला म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. मग डॉक्टरांनी घेतलं. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं. त्याच सुमारास त्याला नात झाली होती, चार महिन्यांची असेल. रेडिओ दवाखान्यातून परत आला तो गळ्याला भोक आणि वर पातळ रुमाल घेऊन. तोंड उघडायचा, ओठ हलायचे, आणि काही यायचं नाही. पहिल्या रविवारी तो मामाशेजारच्या खुर्चीत येऊन बसला तेव्हा मामाला गॅलरीतून खालच्या रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटा ऐकू आल्या. तो मला म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं रे, आमच्या रस्त्याला आवाज आहे."

पुढे रेडिओने नातीची पाटी घेतली. एका बाजूला तिची अक्षरं, दुसऱ्या बाजूला आजोबांची मतं. बोलण्यात काटकसर त्याला पाटीवरही जमली नाही. खडूचा धुरळा उडवत तो लिहायचा, कोपराने पुसायचा, पुन्हा लिहायचा. मामी म्हणायची, "बरंय, भाऊजी. आता निदान पाटी भरली की थांबता." तो हसायचा. हसण्याचा आवाजही येत नसे, नुसते खांदे हलत.

नात पाच वर्षांची झाली आणि तिने एक दिवस विचारलं, "आजोबा, तुमचा आवाज कसा होता?"

घरात टेपरेकॉर्डर होता, पण त्यावर गाणी होती. एका कॅसेटवर रेडिओच्या मुलाच्या लहानपणची गडबड होती, त्यात रेडिओ असणारच, पण तिच्यावर कधीतरी कुणीतरी दुसरं काही भरून टाकलं होतं. खिशातल्या फोनने आवाज धरून ठेवायचा काळ अजून यायचा होता. आणि खरं सांगायचं तर जो माणूस सकाळपासून झोपेपर्यंत घरात घुमतो, त्याचा आवाज वेगळा साठवायचं कुणाच्या मनात येतं? पाण्याखाली राहणारा कुणी घागर भरून ठेवतो का?

रेडिओला मात्र आठवलं. रविवारी तो मामाकडे आला, बसायच्या आधी गॅलरीतल्या फळीशी गेला, त्या चार चिपांवर बोट ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "यात मी आहे. नातीला ऐकवायचाय. वाजव."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या जातीच्या चिपेला जी खिडकी असते ती शोभेसाठी नसते. आतलं पुसून नवं भरायचं असेल तर त्या खिडकीतून जांभळा, तीव्र प्रकाश सोडतात. सूर्याच्या उन्हातही तोच प्रकाश असतो, थोडा मवाळ. काही आठवडे ऊन खाल्लं की आतलं सगळं निघून जातं. म्हणून तर खिडकीवर चिठ्ठी डकवतात. हे त्या धंद्यातल्या पहिल्या दिवशीच्या उमेदवाराला माहीत असतं. मामाला तीस वर्षं माहीत होतं. रेडिओ पॅकिंगमधला. त्याला माहीत नव्हतं.

मामाने पाटीकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नुसत्या चिपा वाजत नाहीत. बोर्ड करावा लागेल. वेळ लागेल."

रेडिओने मान डोलावली आणि चहा मागितला.

तो गेल्यावर मामाने चारही चिपा वाचायच्या यंत्रात एकेक करून लावल्या. पहिल्या चिपेत शून्यापासून तीनपर्यंतचे आकडे असायला हवे होते. पडद्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच खूण आली. एफ एफ, एफ एफ, एफ एफ. म्हणजे काहीही नाही. कोरं. चारही तशाच. मामाने त्या पुन्हा लावल्या, मग पाय घासून लावल्या, मग उलट क्रमाने लावल्या. मामी दारात उभी राहून बघत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"चिपा उत्तम आहेत," मामा म्हणाला. "एकही खराब नाही."

पुढचे दोन महिने मामा उरलेले दहा काटे शोधत फिरला. कुणाला न सांगता. रेडिओ दर रविवारी यायचा आणि पाटी वर करायचा. "झाला बोर्ड?" मामा म्हणायचा, "एक भाग मिळत नाहीये." मामाने इतकी वर्षं कुणाला खोटा नंबर सांगितला नव्हता. आता दर आठवड्याला सांगत होता. सात काट्यांचा पत्ताच लागला नाही. एका व्यायामशाळेतला काटा वितळवून झाला होता. एकाच्या पोटात कुणीतरी नवं, मुकं सर्किट बसवलं होतं. दहावा एका बंद गिरणीच्या आवारात सापडला. मामाने गुडघ्यांवर बसून मागचं झाकण उघडलं. बोर्ड जागेवर होता. चार चिपांच्या जागी मात्र चार रिकाम्या खाचा होत्या, आणि त्यांतून चिपा इतक्या नीट, एकही ओरखडा न उमटवता, सोडवलेल्या होत्या की मामाला कळलं, हे चोराचं काम नाही. "आपल्यासारखाच कुणीतरी," तो मला नंतर म्हणाला. "त्यानेही पहिली चिठ्ठीच सोलली असणार."

पुढच्या रविवारी मी तिथे होतो. रेडिओ आला. या वेळी नातीला घेऊन आला होता. तिने नवा फ्रॉक घातला होता आणि 'आज आजोबा बोलणार' असं तिने जिन्यात भेटेल त्याला सांगितलं होतं. रेडिओने पाटी वर केलीच नाही, नुसत्या भुवया वर केल्या.

मामाने चिपा त्याच्यासमोर ठेवल्या. "यात काही नाही," तो म्हणाला. "मी पुसला."

रेडिओने लिहिलं, "कधी?"

"तुझ्यादेखत. चिठ्ठी काढली ना, ती उन्हासाठी असते. उन्हाने जातं."

"तुला माहीत होतं?"

मामाने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "तेव्हा तू रोज बोलत होतास रे."

रेडिओने पाटी कोपराने पुसली. मग लिहिलं, "सर्दी होईल म्हणालो होतो मी." खांदे हलले नाहीत. पाटी तशीच काखेत मारून तो उठला, नातीचा हात धरला आणि निघाला. ती जिन्यातून विचारत गेली, "आता नाही बोलणार? मग कधी बोलणार?"

तीन रविवार खुर्ची रिकामी राहिली. मामी एकदा म्हणाली, "तुम्ही जा ना." मामा म्हणाला, "जाऊन काय सांगू? नंबर?" मधल्या काळात त्याने फळीवरच्या प्रत्येक खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप, असं मी म्हणणार होतो, पण तोवर मीच त्याला पट्ट्या कापून द्यायला लागलो होतो. तो त्या तिरक्या लावत होता.

चौथ्या रविवारी दारात रेडिओ उभा. काखेत पाटी, एका हातात नात, दुसऱ्या हातात कारखान्याने निरोपाला दिलेला तो मुका काटा. काटा त्याने गॅलरीत जमिनीवर ठेवला, नातीला वर उभी केली, वाकून आकडा पाहिला आणि पाटीवर लिहिलं, "एकोणीस." मग मामाकडे बोट दाखवलं, आणि काट्याकडे.

मामाला कळायला थोडा वेळ लागला. जगात ते आकडे, ते गोणपाटाचं गोदाम, ते चाळीस नऊ, हे सगळं ऐकलेला रेडिओखेरीज एकच माणूस होता. मामा खाकरला. आवाज त्याचा मुळात घोगरा, किरटा, कपाटाचं दार करकरावं तसा.

"एक नऊ किलो," तो म्हणाला.

रेडिओने मान हलवली. नाही. लिहिलं, "पुन्हा."

"एक नऽऊ किलो. धन्यवाद."

"पुन्हा."

नात काट्यावर ताठ उभी होती. मामाने छाती भरून घेतली, हनुवटी खाली दाबली, आवाज पोटातून काढला. रेडिओ हाताने दाखवत होता, खाली, अजून खाली. पाटी पुसायचीही त्याने सोडून दिली, 'पुन्हा' शब्दावरच खडू आपटत राहिला. मामीच्या हातातला चहा निवला. कितवी वेळ होती कुणास ठाऊक, मामा घामाघूम होऊन भडकला. "अरे, नऊ! नऊ म्हणजे नऊ—" आणि तिथेच थांबला.

रेडिओचा हात हवेत राहिला होता.

"असा होता?" नातीने विचारलं.

रेडिओने पाटी पुसली. मग एकच शब्द लिहून पाटी मामाकडे फिरवली.

"जवळपास."

मामाने तो वाचला. चष्मा कपाळावर चढवला नाही, लग्नाच्या ठरलेल्या मुलीची गोष्ट काढली नाही. नुसतं नातीला म्हणाला, "उतर आता, पाय दुखतील," आणि खुर्ची रेडिओसाठी पुढे ओढली.